नेटवर्क नसलेल्या संगणकावर जावा प्रोग्राम स्थानिक डेटाबेसला कसा जोडावा

जावा प्रोग्राम आणि त्याच्या नोंदी एकाच संगणकावर राहणार आहेत, त्या संगणकाला नेटवर्क नाही किंवा असूनही ते वापरण्याची परवानगी नाही, अशा परिस्थितीत डेटाबेस जोडण्याचे काम दिसते त्यापेक्षा सोपे असते. नवख्या माणसाचा गोंधळ होतो तो वेगळ्याच कारणाने. बहुतेक उदाहरणे सर्व्हर, पोर्ट, युजरनेम आणि पासवर्ड यांच्या भाषेत लिहिलेली असतात, आणि तीच भाषा घेऊन तो फाईलवर चालणाऱ्या डेटाबेसकडे येतो. इथे सर्व्हर नसतो. डेटाबेस म्हणजे डिस्कवरची एक फाईल, आणि ती उघडणारा तुमचा स्वतःचा प्रोग्राम. त्यामुळे अडचण आली की तीन प्रश्न विचारावेत: फाईल नेमकी कुठे आहे, ती या क्षणी कोणी उघडून ठेवली आहे, आणि ती नीट बंद कोण करणार आहे.

या लेखात कमांड, पत्ते आणि क्लासची नावे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष टाईप करताना ती रोमन लिपीत लिहावीत आणि विरामचिन्हे मात्र जशीच्या तशी ठेवावीत.

१. स्वतंत्र सर्व्हर खरोखर हवा आहे का, ते आधी ठरवा

त्या संगणकावर पोस्टग्रेएसक्यूएल किंवा मायएसक्यूएल आधीपासून बसवलेले असेल, तर केबल काढली तरी जोडणी चालते. लोकलहोस्ट, म्हणजेच १२७.०.०.१ या पत्त्यावरचा संवाद संगणकाच्या आतल्या आत होतो आणि नेटवर्क कार्डापर्यंत पोहोचतच नाही. पोस्टग्रेएसक्यूएल नेहमीप्रमाणे ५४३२ आणि मायएसक्यूएल ३३०६ या पोर्टवर उत्तर देईल.

मात्र असा सर्व्हर नव्याने बसवायचा तर ॲडमिनचे अधिकार लागतात, पार्श्वभूमीला एक सेवा सतत चालू ठेवावी लागते, आणि फायरवॉलच्या नियमांत आतल्या पोर्टनाही बंदी असेल तर सगळेच अडते. एकच प्रोग्राम आणि एका वेळी एकच माणूस असा वापर असेल, तर हा खटाटोप करू नये. प्रोग्रामच्या पोटातच चालणारा, म्हणजे एम्बेडेड डेटाबेस घ्यावा. पुढचा सगळा लेख त्याविषयी आहे.

२. डेटाबेस निवडा

जावाच्या जगात चार नावे वारंवार भेटतात: एसक्यूलाइट, एच२, डर्बी आणि एचएसक्यूएलडीबी.

एसक्यूलाइट सी भाषेत लिहिलेला आहे. त्याची पहिली आवृत्ती २००० साली आली आणि त्याच्या मूळ संहितेवर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. सगळा डेटाबेस एका फाईलीत मावतो आणि ती फाईल पायथॉन, सी किंवा अन्य कोणत्याही भाषेतून उघडता येते, हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. नोंदी पुढे दुसऱ्या प्रोग्रामला वाचायच्या असतील, तर मी डोळे झाकून हाच घेतो. एच२ संपूर्णपणे जावामध्ये लिहिलेला आहे. त्यामुळे त्याला प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी वेगळी लायब्ररी लागत नाही, एक जार फाईल, म्हणजे जावाच्या तयार संहितेचे एकत्र बांधलेले गाठोडे, पुरते. तारखा, दशांश संख्या आणि स्तंभांचे प्रकार याबाबत तो एसक्यूलाइटपेक्षा काटेकोर आहे.

डर्बी हा जावा डीबी या नावाने जेडीके, म्हणजे जावाचा प्रोग्राम बनवण्याचा संच, ६ ते ८ यांच्यासोबत मिळत असे. जेडीके ९ पासून तो काढून टाकला गेला, म्हणून जुन्या पुस्तकातले «डर्बी जेडीकेमध्येच असतो» हे वाक्य आता खरे धरू नये. नव्या कामासाठी मी तो सुचवणार नाही. एचएसक्यूएलडीबी उत्तम आहे, पण त्यात साधा तक्ता तयार केला की त्याचा सर्व मजकूर मेमरीत राहतो, त्यामुळे मोठ्या नोंदींसाठी तक्त्याचा प्रकार विचारपूर्वक निवडावा लागतो.

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसची जुनी फाईल वाचायची असेल, तर जेडीबीसी-ओडीबीसी ब्रिज वापरण्याचा सल्ला देणारे जुने धडे बाजूला ठेवावेत (जेडीबीसी म्हणजे जावातून डेटाबेसशी बोलण्याची ठरलेली पद्धत). हा ब्रिज २०१४ च्या जावा ८ मधूनच काढून टाकण्यात आला आहे. त्या कामासाठी यूकॅनॲक्सेस हा जावामध्ये लिहिलेला ड्रायव्हर, म्हणजे प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यातला दुवा, वापरला जातो.

३. नेटवर्क असलेल्या संगणकावर सगळे साहित्य गोळा करा

पेनड्राइव्ह घेऊन दोन संगणकांमध्ये वारंवार फेऱ्या मारणे टाळायचे असेल, तर ही पायरी घाईने उरकू नये. सोबत न्यायच्या वस्तू अशा:

- जेडीके, लक्ष्य संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा आणि त्याच प्रोसेसरचा. शक्य तर इन्स्टॉलरऐवजी उलगडून वापरता येणारी झिप किंवा टार फाईल
- डेटाबेसच्या ड्रायव्हरची जार फाईल
- त्या ड्रायव्हरला स्वतःला लागणाऱ्या इतर जार फाईली
- ड्रायव्हर व डेटाबेस यांचे दस्तऐवज, ऑफलाइन वाचता येतील अशा रूपात
- डेटाबेसची फाईल उघडून पाहण्याचे एखादे साधन, उदाहरणार्थ एसक्यूलाइटची कमांड लाइन. एच२ घेतल्यास त्याचा कन्सोल जारमध्येच असतो
- प्रत्येक फाईलचा एसएचए-२५६ चेकसम (फाईलीच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा), म्हणजे नक्कल करताना फाईल तुटली का ते तिथेच तपासता येते

यातली तिसरी वस्तू हमखास राहून जाते. एसक्यूलाइटचा प्रचलित जावा ड्रायव्हर झेरिअल या नावाने ओळखला जातो. त्याच्या जुन्या आवृत्त्या एका जारवर भागत असत, पण नंतरच्या काही आवृत्त्यांना एसएलएफ४जे-एपीआय ही जारही लागते. ती नसेल तर प्रोग्राम «नोक्लासडेफफाउंडएरर» देऊन थांबतो आणि संदेशात डेटाबेसचा उल्लेखही नसतो, त्यामुळे नवखा माणूस भलत्याच ठिकाणी दोष शोधत बसतो.

मेवन (जार फाईली आणून प्रकल्प बांधणारे, म्हणजे बिल्डचे साधन) वापरत असाल, तर नेटवर्क असताना «एमव्हीएन डिपेंडन्सी:गो-ऑफलाइन» ही कमांड चालवून घरच्या फोल्डरमधले «.एम२/रिपॉझिटरी» हे संपूर्ण फोल्डर सोबत न्यावे आणि पलीकडे «एमव्हीएन -ओ» असे चालवावे. ग्रेडल या तशाच दुसऱ्या साधनामध्ये यासाठी «--ऑफलाइन» हा पर्याय आहे. गो-ऑफलाइन प्रत्येक वेळी सगळे प्लगइन आणेलच असे नाही. म्हणून आधी नेटवर्क असलेल्याच संगणकावर केबल काढून किंवा वायफाय बंद करून एकदा पूर्ण बिल्ड करून पाहावे. प्रकल्प लहान असेल तर बिल्डचे साधन बाजूला ठेवून «लिब» नावाच्या फोल्डरात जार फाईली ठेवणे हाच सर्वांत निर्धोक मार्ग आहे.

जेडीकेची आवृत्ती आणि ड्रायव्हरची अपेक्षा जुळते का हेही याच वेळी पाहावे. जुन्या जावावर नवा ड्रायव्हर चालवला तर «अनसपोर्टेडक्लासव्हर्जनएरर» येतो आणि त्याला जुना ड्रायव्हर आणणे किंवा नवा जेडीके बसवणे एवढेच उपाय असतात.

४. ड्रायव्हर क्लासपाथवर ठेवा

क्लासपाथ म्हणजे जावा आपले क्लास जिथे शोधतो त्या ठिकाणांची यादी. प्रोग्राम चालवण्याची साधी कमांड अशी असते: «जावा -सीपी "ॲप.जार;लिब/*" मेन». विंडोजवर दोन भागांमध्ये अर्धविराम लागतो, लिनक्स आणि मॅकवर अपूर्णविराम. तारांकन असलेला भाग अवतरणचिन्हांत ठेवावा, नाहीतर लिनक्सवरील शेल त्याचा स्वतःच विस्तार करू शकते आणि जावाला भलतीच यादी मिळते.

यात एक सापळा आहे. «जावा -जार ॲप.जार» असे चालवले की «-सीपी» हा पर्याय दुर्लक्षिला जातो. अशा वेळी लागणाऱ्या जार फाईलींची नावे ॲपच्या मॅनिफेस्ट फाईलीतील क्लास-पाथ या ओळीत लिहावी लागतात, किंवा सगळे एकत्र करून एकच मोठी जार बनवावी लागते. मोठी जार बनवताना दोन ड्रायव्हर असतील, तर त्यांच्या «मेटा-इन्फ/सर्व्हिसेस» फोल्डरातल्या सारख्याच नावाच्या फाईली एकमेकींवर लिहिल्या जातात आणि एक ड्रायव्हर नाहीसा होतो. मेवनच्या शेड प्लगइनमध्ये या फाईली एकत्र जोडण्याची सोय आहे, ती चालू करावी.

जावा ६ सोबत आलेल्या जेडीबीसी ४.० पासून ड्रायव्हर आपोआप शोधला जातो. त्यामुळे «क्लास.फॉरनेम» ही ओळ आता लिहावी लागत नाही. मात्र शंका असेल तेव्हा ती तात्पुरती घालून पाहणे उपयोगी पडते. ती «क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन» देत असेल तर जार क्लासपाथवर नाही हे निश्चित समजावे. ती ओळ सुरळीत चालूनही पुढे «नो सुटेबल ड्रायव्हर» असा संदेश आला, तर चूक बहुधा पत्ता लिहिण्यात आहे. जेलिंक हे जेडीकेतील साधन वापरून स्वतःचे छोटे जावा तयार करणाऱ्यांनी त्यात «जावा.एसक्यूएल» हे मोड्यूल घालायला विसरू नये.

एसक्यूलाइटपुरती आणखी एक गोष्ट. झेरिअलच्या जारमध्ये प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठीची मूळ लायब्ररी असते आणि चालताना ती तात्पुरत्या फोल्डरात उलगडली जाते. कडक सुरक्षेच्या संगणकांवर त्या फोल्डरातून काहीही चालवण्यास मनाई असते, आणि मग «अनसॅटिस्फाइडलिंकएरर» येतो. प्रोग्राम चालवताना «-डीओआरजी.एसक्यूलाइट.टीएमपीडीआयआर=» या पर्यायाने परवानगी असलेले दुसरे फोल्डर द्यावे. जेडीके २४ पासून मूळ लायब्ररी वापरल्याबद्दल एक इशाराही छापला जातो. तो पाहून घाबरू नये, «--एनेबल-नेटिव्ह-ॲक्सेस=ऑल-अननेम्ड» हा पर्याय दिला की तो थांबतो.

५. पत्ता लिहा: सर्वाधिक वेळ इथेच जातो

प्रत्येक डेटाबेसचा पत्ता वेगळ्या घडणीचा असतो:

- एसक्यूलाइट: «जेडीबीसी:एसक्यूलाइट:डेटा/नोंदी.डीबी»
- एच२: «जेडीबीसी:एच२:./डेटा/नोंदी»
- डर्बी: «जेडीबीसी:डर्बी:डेटा/नोंदी;क्रिएट=ट्रू»
- एचएसक्यूएलडीबी: «जेडीबीसी:एचएसक्यूएलडीबी:फाईल:डेटा/नोंदी»

यांत कुठेही दोन तिरप्या रेघा, संगणकाचे नाव किंवा पोर्ट नाही हे लक्षात घ्या. एच२ मध्ये फाईलच्या नावाला «.एमव्ही.डीबी» हे शेपूट तो स्वतः जोडतो, पत्त्यात ते लिहायचे नसते. शिवाय एच२ ला सुरुवातीचे टिंब आणि तिरपी रेघ हवीच असते. नुसते «डेटा/नोंदी» लिहिले तर तो ९००११ या क्रमांकाची चूक दाखवून नकार देतो. हा नकार सुरुवातीला जाचक वाटतो, पण त्यामागे चांगले कारण आहे आणि ते एसक्यूलाइटच्या उदाहरणावरून कळते.

एसक्यूलाइटला सापेक्ष पत्ता दिला, की तो प्रोग्राम ज्या फोल्डरातून सुरू झाला तिथून मोजला जातो, जार जिथे आहे तिथून नव्हे. संपादकातून चालवताना ते फोल्डर प्रकल्पाचे मूळ असते, टर्मिनलमधून चालवताना तुम्ही त्या वेळी जिथे असाल ते, आणि आयकॉनवर क्लिक केल्यास आणखी तिसरेच. त्या ठिकाणी फाईल नसेल तर एसक्यूलाइट तक्रार न करता तिथे नवी रिकामी फाईल तयार करतो. जोडणी यशस्वी होते, आणि पहिल्या प्रश्नालाच «नो सच टेबल» असे उत्तर येते. काल भरलेल्या नोंदी आज गायब झाल्या असे वाटते, प्रत्यक्षात त्या दुसऱ्या फोल्डरात सुखरूप असतात. अशा वेळी डिस्कवर त्या नावाच्या फाईली शोधाव्यात. एक काही किलोबाइटची सापडते आणि दुसरी शून्य बाइटची. ही शून्य बाइटची फाईल दिसली की निदान झालेच म्हणून समजा.

यावरचा उपाय म्हणजे पूर्ण पत्ता प्रोग्रामनेच बांधणे. «सिस्टिम.गेटप्रॉपर्टी» कडून «यूजर.होम» घ्यावे, त्याखाली ॲपच्या नावाचे फोल्डर नसेल तर तयार करावे, आणि त्यातील फाईलीचा संपूर्ण पत्ता जोडणीला द्यावा. एसक्यूलाइट गहाळ फोल्डर स्वतः बनवत नाही, म्हणून ही मधली कृती वगळू नये. सुरुवातीला तो पूर्ण पत्ता लॉगमध्ये एका ओळीत छापून ठेवावा. ही एक ओळ पुढचे तासन्‌तास वाचवते. डेटाबेस आधीपासून असायलाच हवा अशी स्थिती असेल, तर जोडणीपूर्वी «फाईल्स.एक्झिस्ट्स» ने खात्री करावी. एच२ मध्ये यासाठी पत्त्याला «;इफएक्झिस्ट्स=ट्रू» जोडण्याची सोय आहे.

आणखी दोन बारकावे. विंडोजवरील उलटी तिरपी रेघ जावाच्या मजकुरात दोनदा लिहावी लागते, पण साधी तिरपी रेघ विंडोजलाही चालते, तीच वापरावी. आणि डेटाबेस जारच्या आत ठेवून त्यात लिहिता येत नाही. तयार नोंदी सोबत द्यायच्या असतील, तर पहिल्या वेळी ती फाईल जारमधून बाहेर काढून घरच्या फोल्डरात ठेवावी. विंडोजचे «प्रोग्राम फाइल्स» यासाठी अयोग्य आहे, कारण साध्या वापरकर्त्याला तिथे लिहिण्याची परवानगी नसते. एसक्यूलाइटला तर फाईलीबरोबर तिच्या फोल्डरातही लिहिण्याची परवानगी लागते, कारण व्यवहार (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पक्क्या होणाऱ्या बदलांचा गट) चालू असताना तो शेजारी एक जर्नल फाईल तयार करतो.

६. पहिली जोडणी आणि पहिला तक्ता

कामाचा क्रम असा ठेवा. «ड्रायव्हरमॅनेजर.गेटकनेक्शन» ला पत्ता देऊन जोडणी घ्यावी. एसक्यूलाइटला युजरनेम-पासवर्ड लागत नाही, एच२ मध्ये सहसा «एसए» हे नाव आणि रिकामा पासवर्ड देतात. मात्र एच२ चा डेटाबेस प्रथम तयार करताना जे नाव व पासवर्ड द्याल तेच पुढे कायम लागतात, म्हणून ते तेव्हाच ठरवून लिहून ठेवावेत. त्यानंतर «क्रिएट टेबल इफ नॉट एक्झिस्ट्स» ने तक्ता तयार करावा, एक नोंद घालावी, ती परत वाचून छापावी आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा चालवावा. दुसऱ्या वेळी जुनी नोंद दिसली तरच जोडणी झाली असे म्हणता येते. पत्त्यात चुकून «मेम» किंवा «मेमरी» असलेले उदाहरण उतरवले असेल, तर पहिल्या वेळी सगळे चालते आणि दुसऱ्या वेळी काहीच उरत नाही.

जोडणी, स्टेटमेंट आणि निकाल हे तिन्ही जावा ७ पासून उपलब्ध असलेल्या ट्राय-विथ-रिसोर्सेस या रचनेत उघडावेत, म्हणजे चूक झाली तरी ते बंद होतात. मूल्ये जोडून वाक्य बनवू नये, «प्रीपेअर्डस्टेटमेंट» मध्ये प्रश्नचिन्हे ठेवून मूल्ये स्वतंत्रपणे द्यावीत. प्रोग्राम नेटवर्कवर नाही म्हणून हा नियम सैल करू नये, कारण एखाद्या नावात एकेरी अवतरणचिन्ह आले तरी जोडून बनवलेले वाक्य मोडते.

शेकडो नोंदी एकदम घालताना एसक्यूलाइट विलक्षण मंद वाटतो. जेडीबीसी मुळात ऑटोकमिट चालू ठेवते, त्यामुळे प्रत्येक नोंद हा स्वतंत्र व्यवहार ठरतो आणि प्रत्येक व्यवहाराच्या शेवटी मजकूर डिस्कवर पोहोचल्याची खात्री केली जाते. «सेटऑटोकमिट(फॉल्स)» करून सगळ्या नोंदी घालाव्यात आणि शेवटी एकदाच «कमिट» करावे, चूक झाल्यास «रोलबॅक». फरक लगेच जाणवतो. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची, म्हणजे एका तक्त्यातून दुसऱ्या तक्त्याकडे जाणाऱ्या दुव्याची, तपासणीही मुळात बंद असते. «प्राग्मा फॉरेन_कीज=ऑन» हे प्रत्येक नव्या जोडणीवर सांगावे लागते, एकदा सांगून फाईलीत कायम राहत नाही.

रोमनेतर लिपीतील मजकूर प्रश्नचिन्हांच्या रूपात दिसला, तर डेटाबेसवर संशय घेण्याआधी जावाकडे पाहावे. जेडीके १८ पासून यूटीएफ-८ हे मूळ एन्कोडिंग आहे, त्याआधीच्या आवृत्तीत «जावासी -एन्कोडिंग यूटीएफ-८» असे स्पष्ट सांगावे. विंडोजच्या टर्मिनलमध्ये चुकीचे दिसणारे अक्षर फाईलीत बरोबर असू शकते.

७. लॉकचा प्रश्न

एच२ ची फाईल एका वेळी एकाच प्रक्रियेला उघडता येते. तुमचा प्रोग्राम «डेटाबेस मे बी ऑलरेडी इन यूज» असे सांगत असेल, तर बहुतेक वेळा गुन्हेगार म्हणजे तपासण्यासाठी उघडून ठेवलेली डेटाबेस पाहण्याची खिडकी असते, किंवा आधी चालवलेला आणि न संपलेला जावाचा प्रोग्राम. «जेपीएस» ही कमांड चालू जावा प्रक्रियांची यादी दाखवते. यावर «ऑटो_सर्व्हर=ट्रू» लिहिण्याचा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो. तो पर्याय पडद्याआड एक टीसीपी पोर्ट उघडतो, त्यामुळे नेटवर्कला मनाई असलेल्या संगणकावर तो टाळावा.

एसक्यूलाइट अधिक उदार आहे. अनेक प्रक्रिया एकाच वेळी वाचू शकतात, मात्र लिहिणारा एका वेळी एकच. दुसरा लिहू लागला की «डेटाबेस इज लॉक्ड» असे उत्तर मिळते. वाट पाहण्याचा काळ «बिझी_टाइमआउट» ने वाढवता येतो आणि «जर्नल_मोड=वॉल» (बदल आधी वेगळ्या फाईलीत लिहिण्याची पद्धत) केल्यास वाचणारे लिहिणाऱ्यामुळे अडत नाहीत. पण मूळ उपाय म्हणजे व्यवहार छोटे ठेवणे. व्यवहार उघडा ठेवून वापरकर्त्याच्या उत्तराची वाट पाहणारा प्रोग्राम कोणत्याही टाइमआउटने सुधारत नाही.

८. नीट बंद करा आणि प्रत काढा

एचएसक्यूएलडीबी मुळात बदल अर्ध्या सेकंदाच्या अंतराने डिस्कवर पक्के करतो, म्हणून संपवण्यापूर्वी त्याला «शटडाऊन» ही आज्ञा द्यावी किंवा पत्त्यात «;शटडाऊन=ट्रू» जोडावे. डर्बी बंद करण्यासाठी «जेडीबीसी:डर्बी:;शटडाऊन=ट्रू» या पत्त्यावर जोडणी मागायची असते आणि तो यशस्वीपणे बंद झाला की «एक्सजे०१५» हा कोड असलेली चूक फेकतो. ही चूक म्हणजेच यशाची पावती आहे, ती पकडून सोडून द्यावी. एसक्यूलाइट आणि एच२ यांना शेवटची जोडणी बंद होणे पुरेसे असते.

प्रोग्राम चालू असताना फाईलीची साधी नक्कल प्रत म्हणून जपू नये. वॉल पद्धतीत एसक्यूलाइटच्या ताज्या नोंदी शेजारच्या «-वॉल» फाईलीत असतात आणि नुसती मुख्य फाईल उचलल्यास त्या मागे राहतात. «व्हॅक्यूम इनटू» ही आज्ञा चालू डेटाबेसची सुसंगत प्रत दुसऱ्या फाईलीत लिहून देते. एच२ मध्ये «बॅकअप टू» ही आज्ञा झिप फाईल बनवते. एच२ ची आवृत्ती १ वरून २ वर नेताना मात्र झिपचा उपयोग नाही, कारण दोन्हींच्या फाईलींची घडण वेगळी आहे. जुन्या जारने «स्क्रिप्ट टू» वापरून सगळा मजकूर एसक्यूएलच्या रूपात बाहेर काढावा आणि नव्या जारने रिकाम्या डेटाबेसवर «रनस्क्रिप्ट फ्रॉम» चालवावा. त्यासाठी जुनी जार हाताशी असावी लागते, म्हणून नवी आवृत्ती आणल्यावर «लिब» फोल्डरातली जुनी जार पुसून न टाकता बॅकअपच्या प्रतीशेजारी ठेवावी.